बारा मजुरांची भिंत

सर, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं होतं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, कुणी लिहिलं की सरांमुळे आपण घडलो, आणि शेवटी एकाने माझं नाव घेऊन विचारलं की तू काहीच कशी बोलली नाहीस, तू तर सरांची लाडकी. मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि फोन पालथा ठेवून कामाला निघून गेले. त्या ओळींत श्रद्धांजली नव्हती, आजच्या या पानांतही नसेल, हे आधीच सांगून ठेवते. मी तुमच्यावर चिडलेली आहे. सातवीत होते त्याहून आज जास्त. शुक्रवारी माझ्या मुलीने गणिताचा एक पेपर ओट्यावर फळांच्या वाडग्याखाली ठेवला. त्यावर माझी सही हवी आहे. आज रविवार, दुपारचे अडीच वाजलेत, पोर वर तिच्या खोलीत आहे, आणि ती सही अजून माझ्या हातून होत नाहीये. त्या पेपरचं पुढे सांगते. आधी आपलं जुनं.

सातवी अ. मधली सुट्टी व्हायला अर्धा तास आहे. तुम्ही फळ्यावर त्रैराशिकाचं गणित लिहिता: बारा मजूर एक भिंत पंधरा दिवसांत बांधतात, तर वीस मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील? तुमचं अक्षर छापल्यासारखं. तुम्ही मागे वळून विचारता, ‘सम की व्यस्त?’ वर्ग ओरडतो, ‘व्यस्त!’ मजूर वाढले की दिवस कमी, बारा गुणिले पंधरा, भागिले वीस, उत्तर नऊ. माझ्या वहीत ते नऊ तुमचा खडू खाली यायच्या आत लिहून झालेलं आहे. तरी मी हात वर करते. माझी आई बांधकामावर घमेली उचलायला जायची, हे तुम्हाला ठाऊक होतं, पूर्ण शाळेलाच ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती करवादत होती की मालकाने आठ बाया जास्तीच्या आणल्यात, गवंडी मात्र तेच दोघं, आम्ही मालाची घमेली डोक्यावर घेऊन दिवसभर रांगेत उभ्या आणि भिंत आहे तिथेच. मालक कोण ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला फक्त फळ्यावर तीच भिंत दिसली आणि मी उठून म्हणाले, ‘सर, त्या बारा जणांत गवंडी किती आणि घमेलंवाल्या बाया किती? नुसत्या बायाच वाढल्या तर नऊ दिवसांत कशी होईल?’

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं होतं, तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही म्हणालात, ‘तुला भिंत बांधायचीय की गणित सोडवायचंय? दिलेलं घ्यायचं, विचारलेलं द्यायचं. मधे तोंड घालायचं नाही.’ इथे थांबला असतात तर मी हे लिहायला बसले नसते. सगळे मास्तर रागावतात. पण तुम्ही थांबला नाहीत. ‘की आईसारखी घमेलीच उचलायचीत? मग ये, शिकवतो,’ असं म्हणून तुम्ही मला पुढे बोलावलंत आणि टेबलावरचं डस्टर माझ्या डोक्यावर ठेवलंत. लाकडी पाठीचं, चार तासांच्या खडूने भरलेलं. सुट्टी होईपर्यंत फळ्याशेजारी उभं राहायचं, आणि पाडलं तर उद्या पुन्हा. मी पाडलं नाही. वर्ग हसत होता आणि मी समोरच्या भिंतीवरच्या नकाशात एकटक बघत होते. खडूची पूड डोळ्यांत जात होती, तरी हात वर न्यायची सोय नव्हती. वर्षभर मुलं मला घमेलं म्हणत राहिली. संध्याकाळी आईने केस पांढरे का झाले विचारलं तेव्हा मी सांगितलं, खडू सांडला, माझंच लक्ष नव्हतं. त्या वर्गात आमच्या वस्तीतल्या आम्ही दोघीच होतो. दुसरी त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि आठवीत शाळेतूनच गेली. तिच्याबद्दल तुम्हाला कुणी कधी विचारलं नसेल. आज मी विचारतेय.

तुमची बाजूही लिहिते, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला शिष्यवृत्तीसाठी घरी बोलावलंत. एक पैसा घेतला नाहीत. तुमच्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या थंड फरशीवर बसून मी रोज सकाळी दोन तास गणितं सोडवली. नळ आणि टाकी, आगगाडी आणि बोगदा, दूध आणि पाणी. काकू चहा द्यायच्या, आणि ज्या कपांतून तुमच्या मुलीला द्यायच्या त्याच कपांतून मलाही. हे त्या काळी आमच्या गावात सगळ्या घरांत होत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते. शिष्यवृत्ती लागली तेव्हा तुम्ही मला नवीकोरी कंपासपेटी दिलीत, पितळी कर्कटकाची. ती अमेरिकेत, ओहायोपर्यंत माझ्यासोबत आली आणि या क्षणी माझ्या कोपराशी आहे. सत्कारात तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, ‘हिला मी घडवली.’ टाळ्या पडल्या. आईने तर डोळ्यांना पदर लावला. मी वाकून नमस्कारही केला. पण त्या डस्टरनंतर मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं का? दहावी, बारावी, नागपूरला बी.फार्म., कुठेच केला नाही. सगळ्या शिक्षकांना वाटायचं, हिला आधीच सगळं येतं. कसलं येतं! अडलेलं सगळं मी घरी नेऊन एकटीने सोडवायचे, आणि जे सुटायचं नाही ते तसंच पोटात ठेवायचे.

पुढे लग्न झालं, नवरा कामाच्या व्हिसावर इकडे आला, त्याच्या मागे मी आले. इथल्या परीक्षा देऊन फार्मसिस्ट झाले. कोलंबस शहराजवळच्या डब्लिन गावात घर घेतलं, कोलंबसच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. आमचं काम म्हणजे दिवसभर तुमचं त्रैराशिकच. एका किलो वजनाला इतकं औषध, तर इतक्या किलोंना किती. एका तासाला इतके थेंब, तर पूर्ण बाटली किती वेळात. मी भराभर करायचे, कॅल्क्युलेटरच्या आधी. नोकरीला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या एका क्लिनिकमधून पाच वर्षांच्या मुलाचा कागद आला. वजन चव्वेचाळीस, पुढे काहीच लिहिलेलं नाही. तुमच्या-माझ्या देशात वजन किलोतच असतं, म्हणून मी किलो धरलं. मग मनात आलं, पाच वर्षांचं मूल आणि चव्वेचाळीस किलो? आलं होतं सर, मनात स्पष्ट आलं होतं. कागद हातात घेऊन मी अर्धी खुर्चीतून उठलेही होते. आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला. दिलेलं घ्यायचं, विचारलेलं द्यायचं. मी खाली बसले आणि गणित पुरं केलं.

आमच्याकडे नियम आहे की एकीने केलेला डोस दुसरीने स्वतः पहिल्यापासून करून बघायचा. त्या दिवशी दुसरी म्हणजे साठीला आलेली एक इथलीच बाई होती. तिने कागद बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, ‘हनी, इज दॅट पाउंड्स?’ पाउंडच होते. चव्वेचाळीस पाउंड म्हणजे वीस किलो. माझा डोस दुपटीहून जास्त झाला होता. तो तिथेच थांबला, मुलाला बरोबर औषध गेलं, कुणाला काही झालं नाही. पण मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. ती बाई माझ्यामागे आली, काचेवर टकटक करून म्हणाली, ‘नेक्स्ट टाइम जस्ट आस्क, ओके? दॅट्स द जॉब.’ विचारणं हेच काम. तुम्ही म्हणाल, एकक तपासायला मी शिकवलं होतं. शिकवलं होतंत, कबूल. पण मला शंका आली होती, आणि ती गिळायचीही तुम्हीच शिकवली होतीत. मला तुमचा इतका राग आला की तेव्हा तुम्ही हयात असतात तर मी फोन केला असता. निदान नंबर शोधला असता.

एवढं होऊनही, सर, माझ्या मनात कुठेतरी होतं की सातवीतला माझा प्रश्न बावळटपणाचाच होता. गणितात गवंडी कुणी मोजतं का? मास्तरांनी जरा जास्त केलं, पण चूक माझीच. ही समजूत माझ्यात इतकी वर्षं राहिली, आणि ती मोडली या उन्हाळ्यात. आई इकडे आली होती. आमच्या समोरच्या प्लॉटवर घर चाललं होतं. आईला टीव्ही नको, मॉल नको. ती रोज नाश्ता झाला की खिडकीशी खुर्ची ओढून बांधकाम बघत बसायची. एकदा मी भाजी चिरत होते तेव्हा ती म्हणाली, ‘तिघंच हायेत, पाह्य ना. अन् घर पाह्य कसं वाढते रोज.’

मी म्हटलं, ‘मशिनं आहेत त्यांच्याकडे.’

‘मशिनं तं हायेतच. पन मानसं वाढवल्यानं भित नाही वाढत, पोरी. तुह्या मास्तरले कुठी समजलं होतं ते!’ आणि ती एकटीच हसायला लागली. माझ्या हातातली सुरी थांबली. मग तिने सांगितलं. तुमच्या नव्या घराची, कंपाउंडची भिंत होती ती. कामावर बारा जण. तुम्ही वास्तुशांतीची तारीख धरून बसला होतात आणि पंधरा दिवस तुम्हाला जास्त वाटत होते. ‘वहीत गनित करून दाखवलं त्यानं मुकादमाले. आठ जन अजून आना, नवव्या दिवशी भित उभी. मुकादमानं आनल्या आठ बाया. गवंडी ते दोघंच. वास्तूचे पाव्हने आले तवा भित कमरेएवढी!’

मी विचारलं, ‘कधीची गोष्ट ही?’

‘तू सातवीत होती नं.’

‘मग मले काहून नाही सांगितलं?’

‘त्याच्याच घरी शिकवनीले जात होती तू मंग. ज्या घरी मायनं घमेली उचलली तिथं पोरीची मान खाली कायले घालू?’ असं म्हणून ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिला डस्टरचं अजूनही माहीत नाही. ती तुम्हाला भला माणूस म्हणते.

म्हणजे बारा, पंधरा आणि वीस हे आकडे पुस्तकातले नव्हतेच. तुम्ही स्वतःची भिंत फळ्यावर लिहिली होतीत! घरी ती उभी राहत नव्हती, म्हणून वर्गात नऊ आणून बघत होतात, आणि चाळीस मुलांच्या तोंडून नऊ ऐकून तुम्हाला बरं वाटत असणार. आणि तेवढ्यात घमेली उचलणाऱ्या बाईची पोर उठून सांगते की भिंत कुठे अडलीय. तुम्हाला कळलं, सर. त्या क्षणी कळलं. मी बरोबर होते, आणि बरोबर होते म्हणूनच माझ्या डोक्यावर डस्टर आलं. मूर्ख प्रश्नाला कुणी इतकं चिडत नाही. मी खिडकीशी उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. एक वाक्य पुरलं असतं हो. ‘बरोबर आहे गं तुझं, पण या गणितात सगळे मजूर सारखंच काम करतात असं आपण धरतो.’ एवढंच. मी खाली बसले असते, नऊ लिहिलं असतं आणि जन्मभर हात वर करत राहिले असते. वस्तीतली ती दुसरी मुलगीही कदाचित पुढच्या बाकावर राहिली असती. तुम्हाला ते एक वाक्य जड झालं, कारण त्यात तुमची चूक कबूल होत होती, आणि तीही कुणापुढे, तर माझ्यापुढे.

हे सगळं मी तुम्हाला उन्हाळ्यातच लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर पत्र इथे संपलं असतं आणि मी ताठ मानेने उठले असते. पण आता मधे तो पेपर आहे.

दोन आठवड्यांपूर्वीची संध्याकाळ. मी दहा तासांची शिफ्ट करून आलेय, कुकर लावलाय, फोडणी तडतडतेय. पोर सातवीत आहे, मी होते तितकीच. ती ओट्याशी उंच स्टुलावर बसून प्रमाणाचं वर्कशीट करतेय. तिने सहज विचारलं, ‘आई, कॅन यू चेक धिस वन?’ मी मान वळवून आकडे तेवढे बघितले. बारा मफिन, अठरा मिनिटं, चोवीस मफिन. म्हटलं, ‘सम प्रमाण. छत्तीस.’

‘आय गॉट एटीन.’

‘अठरा कसे? मफिन दुप्पट, वेळ दुप्पट.’

‘बट दे आर इन द सेम ओव्हन, आई. टुगेदर. लाइक व्हेन यू मेक नानकटाई. तू दोन ट्रे एकदम ठेवतेस, पण डबल टाइम नाही लावत ना.’

तिचं बरोबर होतं. गणितात स्पष्ट लिहिलं होतं की ट्रे एकाच वेळी ओव्हनमध्ये ठेवलेत. कुठलं गणित प्रमाणाचं आहे आणि कुठलं नाही, हे मुलांना ओळखता येतं का ते बघायलाच इथल्या टीचरने ते घातलं होतं. आणि पोरीने ओळखलं कशावरून, तर स्वतःच्या आईला काम करताना बघून. मला त्या क्षणी कळलंही होतं, सर. मोहरी करपत होती, मी दमले होते, रोज शंभर त्रैराशिकं करणारी मी एका मफिनच्या गणितात चुकले होते, आणि ते मला माझ्याच पोरीकडून ऐकायचं नव्हतं. मी गॅस बंद केला, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, ‘दिलेलं घ्यायचं, विचारलेलं द्यायचं. मधे तोंड घालायचं नाही.’ तुमच्याच शब्दांत, तुमच्याच सुरात.  तिने रबर घेतला, अठरा पुसले आणि छत्तीस लिहिले. डस्टर तेवढं ठेवायचं राहिलं.

शुक्रवारी पेपर परत आला. छत्तीसवर फुली आहे. पुसलेले अठरा अजून फिकट दिसतायत, टीचरने त्याभोवती हिरवा गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय की तुझं आधीचं उत्तर बरोबर होतं, का बदललंस? त्याखाली मुलांनी उत्तर लिहायला एक ओळ आहे. माझ्या पोरीने पेन्सिलीने लिहिलंय, ‘आय वॉज नॉट पेइंग अटेन्शन.’ लक्ष नव्हतं म्हणे. माझी चूक झाकली तिने. मी आईला खडूबद्दल काय सांगितलं होतं ते आठवलं आणि तिथेच ओट्याला टेकून मी रडले. त्या संध्याकाळपासून ती गृहपाठ वर नेते आणि दार लावून घेते. मी खालून विचारलं, काही अडलंय का, तर ‘आय गॉट इट, आई’ एवढं उत्तर येतं. गोड आवाजात येतं, तेच मला सहन होत नाही. हे ‘आय गॉट इट’ मी ओळखते. मी तेच म्हणत चाळिशी ओलांडली आणि एका पाच वर्षांच्या पोराला भलता डोस देणार होते. तिचं तसं व्हायला नको, दुसरं काही मला नको.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो जाणारही नाही, आणि मी तो घालवायला बसलेले नाही. तुम्ही माझ्या आईचं काम माझ्या डोक्यावर शिक्षा म्हणून ठेवलंत, याला माफी नाही. फक्त मघापासून दिसतंय की पानं भरतायत ती तुमच्या नावाने, आणि सगळी ताकद तुम्हाला सुनावण्यात जातेय. तुम्ही काही उलट बोलणार नाही. तुमच्याकडून एका वाक्याची अपेक्षा मी बत्तीस वर्षं धरली, आणि मलाही तेच एक वाक्य गेले दोन आठवडे जड झालंय.

आत्ता, हे लिहिता लिहिता, पेपर जवळ ओढून मी सही केली. तिच्या ओळीखाली लिहिलं की मुलीचं उत्तर बरोबर होतं, आईने चुकीचं सांगितलं आणि तिला गप्प केलं. हे पत्र कंपासपेटीखाली राहील, त्याला पत्ता नाही. एक मात्र तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. सही झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार हा आला की पेपर तिला न दाखवता गुपचूप तिच्या दप्तरात सरकवून द्यावा, म्हणजे तोंडाने काही बोलावं लागणार नाही. मी उठून दप्तर शोधलंही. ते खाली नाहीये. वर आहे, तिच्या खोलीत, बंद दाराच्या आत.